मढ्याचा हात

बाळ माझ्या हातातून काढून घेतलं.

काढून घेतलं म्हणजे ओढलं नाही. हसत हसत घेतलं. इन्चार्ज सिस्टरनी दोन्ही हात पुढे केले, दे गं इकडे म्हणाल्या, आणि मी दिलं. मला वाटलं वजन करायचं राहिलं असेल. बाळ नुकतंच पुसून दुपट्यात गुंडाळलं होतं, मूठ चोखत होतं. त्याची आजी समोर उभी होती, हातात पेढ्यांचा डबा. मला द्यायला म्हणून तिने पेढा उचललासुद्धा होता.

तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आजीला म्हणाल्या, "हिच्याकडे नको. हिचा हात मढ्याचा आहे."

पेढा परत डब्यात गेला. मग आजीने विचारलं, जरा गरम पाणी मिळेल का, बाळाला परत एकदा पुसून घेते. मिळालं. मावशीने लगेच आणून दिलं. माझ्यासमोर ते बाळ दुसऱ्यांदा पुसलं. कानामागे पुसलं, काखेत पुसलं, जिथे जिथे माझी बोटं लागली असतील तिथे तिथे पुसलं. रडून रडून लाल झालं बिचारं. आणि मी काय केलं? टॉवेल धरून उभी राहिले. लाज वाटत होती. त्यांना नाही, मला. याचाच राग अजून येतो.

मढ्याचा हात. हा हात मला कुणी दिला, तेही ऐका.

लग्न झालं, मितू झाली, आणि मग मी नर्सिंगला गेले. लोक सुलटं करतात, मी उलटं केलं असं माझी सासू म्हणते. मुलगी सासूकडे टाकून पास झाले आणि नाशिकमधल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात लागले. नाव सांगत नाही. नाव सांगून काय होणार, पाटी बदलली तरी आत तेच. देवळाली कॅम्पहून बसने यायचे. पांढरा ड्रेस रोज घरी धुऊन, इस्त्री करून. मला फार अभिमान होता त्या ड्रेसचा.

पहिल्याच आठवड्यात वॉर्डात एक माणूस गेला. ट्रकखाली आलेला. आम्ही चार नव्या मुली होतो, चौघींचे चेहरे उतरलेले. इन्चार्ज सिस्टरनी एकेकीला नाव विचारलं. नाव सगळ्यांनी सांगितलं. मला म्हणाल्या, पूर्ण सांग. मी आडनाव सांगितलं. मग गाव विचारलं. मग म्हणाल्या, "तू जा. तुमच्याकडे सवय असते, तुला जमेल."

आमच्याकडे सवय असते! मी मेलेलं माणूस तोवर लांबूनच पाहिलेलं. माझा बाप रेल्वेत क्लार्क होता. आमच्या घरात कोंबडी कापायची म्हटलं तरी मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. पण बाई म्हणाल्या जमेल, म्हणजे जमायला पाहिजे. नवी नोकरी. गेले.

माणूस गेल्यावर त्याचं जे करायचं असतं, त्याला पुस्तकात लास्ट ऑफिसेस म्हणतात. वॉर्डात त्याला पॅकिंग म्हणतात, सामान असल्यासारखं. डोळे मिटवायचे. नळ्या काढायच्या. अंग पुसायचं. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधायची, म्हणजे जबडा मिटलेला राहतो. हात सरळ करायचे, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, नावाची पट्टी लावायची, चादर. वेळेत करावं लागतं. अंग आखडलं की मग काही हलत नाही, जसं असेल तसंच राहतं.

त्या कामाला मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या कॉलेजच्या बाई शिकवायच्या की मेलेल्या माणसाशीसुद्धा बोलत बोलत काम करावं, ते आपलं पेशंटच असतं. मी बोलायचे. काका, डोळे मिटवते हं. आजी, जरा कुशीवर वळवते. माणूस जगात आलं तेव्हा कुणीतरी पुसलं होतं, जातानाही कुणीतरी पुसावं. पुस्तकात असंही होतं की हे काम दोघींनी मिळून करायचं. एकीने वळवायचं, एकीने पुसायचं. मला दुसरी कधी मिळाली नाही.

दुसरा गेला तेव्हा मला हाक आली. तिसरा गेला तेव्हाही. मग दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं यायला लागलं. तुमच्याकडची ती आहे ना, तिला पाठवा. जेवायला बसले असले तरी. माझी ड्युटी संपत आली असली तरी. बाकीच्या तिघी हळूहळू वरच्या मजल्यावर गेल्या, बाळांच्या खोलीत, ऑपरेशनच्या खोलीत. मी खालीच. आणि डब्याच्या वेळेला त्या माझ्या भाजीत चमचा घालेनाशा झाल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सगळं कसं गोड. एकजण म्हणायची, तुझी कमाल आहे बाई, आम्हाला तर भीतीच वाटते. भीती! माझी भीती कुणी विचारली?

भीती होती मला. नंतर तर घरी यायला लागली. भाजी घेताना समोरच्या म्हाताऱ्याचा जबडा दिसायचा आणि मनात यायचं, याला पट्टी रुंद लागेल. बसमध्ये कुणी मान टाकून झोपलेलं दिसलं की माझे डोळे त्याच्या छातीवर जायचे, हलतेय ना. मितू दुपारी तोंड उघडं टाकून झोपते. एकदा भानावर आले तेव्हा माझा हात तिच्या हनुवटीखाली होता. मी तिचं तोंड मिटवत होते. माझ्या जिवंत लेकीचं. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्याजवळ झोपले नाही. सासूला म्हटलं, उकडतंय.

माझं एवढंच मागणं होतं की मला बाळांच्या खोलीत टाका. त्याला कारणही होतं.

आम्ही जर्मनीला जाणार होतो. माझ्या बरोबरीच्या कितीजणी गेल्या. कॉलेज रोडच्या एका क्लासला मी ती भाषा शिकत होते. नवरा अंबडच्या कंपनीत कंत्राटावर, आज काम आहे उद्या नाही, तोही माझ्याबरोबर शब्द पाठ करायचा. स्वयंपाकघरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या. मिठाच्या डब्यावर साल्त्स, पिठाच्या डब्यावर मेल. सासू म्हणायची, ह्या घरात आता माझं मीठबी परकं झालं. आधी मी जायचं, मग नवरा आणि मितू, मग जमलं तर सासू. मितूच्या शाळेचं ठरलं होतं, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे ते ठरलं होतं. सासूने एकदा विचारलं, "तिथं आडनाव इचारत्यात का गं?" मी म्हटलं, विचारतात, पण त्यांना त्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, मग जाऊ. एवढंच. पोराच्या पगारासाठी नाही, नातीच्या शाळेसाठी नाही. ह्या एका गोष्टीसाठी ती म्हातारी तिचं मीठ सोडायला तयार झाली.

तिकडच्या हॉस्पिटलला नवजात बाळांच्या वॉर्डासाठी नर्स हव्या होत्या. एजन्सीवाल्या बाई म्हणाल्या, बाळांच्या खोलीत काम केल्याचं तुमच्या हॉस्पिटलचं पत्र आणा, बाकी सगळं होतंय. म्हणून मी इन्चार्ज सिस्टरच्या मागे लागले. लागले, लागले, शेवटी त्यांनी वर टाकलं. पहिल्याच सकाळी ते बाळ, ती आजी, तो पेढा.

त्याच दुपारी मला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चिवडा पुढे केला. वाईट बाई नाहीत त्या, हे लोकांना समजत नाही. मला पहिली सुई नीट टोचायला त्यांनीच शिकवलं. मितूच्या तापात त्यांनी न मागता सुट्टी दिली होती. त्या दिवशीही आवाज लोण्यासारखा. म्हणाल्या, अगं मला काही नाही वाटत, मी कुठे मानते, पण पेशंटच्या घरच्यांना चालत नाही, हॉस्पिटल चालवायचं असतं. आणि खाली तुझ्यासारखं काम कुणालाच येत नाही. "पत्राची काळजी करू नको. तू वर काम केलंयस असं मी लिहून देते. तू फक्त खालचं बघ."

मी काय म्हणाले असेन? थँक्यू म्हणाले. चिवडासुद्धा खाल्ला.

नवरा खूश झाला. बरंच झालं म्हणाला, पत्राशी मतलब. खरं होतं त्याचं. मीही स्वतःला तेच सांगितलं. थोडे महिने. दात आवळून काढायचे, मग विमान. तिथे गेल्यावर कोण मढं, कोण जात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण शेवट ठाऊक असला की मार खाता येतो, असं वाटायचं मला.

मग एका रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मुली खेळत होत्या. दवाखाना-दवाखाना. मी कपडे वाळत घालायला वर चालले होते. एक डॉक्टर झाली होती, गळ्यात चार्जरची वायर. दोघी नर्स. मितू खालच्या पायरीवर वेगळी बसली होती, बाहुली मांडीवर. माझ्या पिशवीतली पट्टी घेऊन तिने बाहुलीची हनुवटी बांधली होती. पायाचे अंगठे बांधले होते. अगदी बरोबर बांधले होते. मी कधी दाखवलं नव्हतं, नवऱ्याला सांगताना ऐकलं असणार.

मी विचारलं, तू काय झालीस गं मितू?

"मी मेलेल्यांची बाई," ती म्हणाली. "ह्या म्हणाल्या तुझ्या आईचं तेच काम आहे."

रडत नव्हती. तक्रार करत नव्हती. तिला वाटत होतं, असंच असतं. खेळात वाट्याला आलं ते आलं. वरच्या पायरीवरून एक नर्स ओरडली, मितू, अजून एक मेलं, घेऊन जा. आणि माझी मुलगी उठली आणि आणायला गेली.

मी कपड्यांची बादली जिन्यातच ठेवली आणि बसले. माझ्या आधीच्यांनी जे टाकून दिलं, ते मी उचललं, घरी आणलं आणि लेकीच्या हातात दिलं. आणि हिलाच मी जर्मनीला नेणार होते. तिथे काय होईल? तिथे कुणी विचारणार नाही, ती आपणहूनच खालच्या पायरीवर जाऊन बसेल.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या वॉर्डातली एक आजी गेली.

वणीकडची होती. खिडकीजवळच्या पलंगावर, बरेच दिवस. मोठं कुटुंब, शेतीवाडी, पण जवळ राहायला एक लेकच होती. आजी मला पोरी म्हणायची. सिस्टर वगैरे तिला जमत नसे. रोज सकाळी माझी वाट बघायची, कारण मी तिची वेणी घालायचे. पोरी, डोकं लय जड झालंय, जरा इंचर. मी विंचरायचे. तिने मला कधी आडनाव विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मी तिला देवी करत नाही.

दुपारी गेली. डॉक्टर बघून गेले. लेक भावांना आणायला गावाकडे गेलेली, फोन केला तर म्हणाली, निघालेच. इन्चार्ज सिस्टर टेबलामागूनच म्हणाल्या, घे आटपून, ते लोक यायच्या आत. आणखी तिघी नर्स होत्या तिथे. एक डबा खात होती, एक औषधं लावत होती, एक फोनवर.

मी म्हटलं, "मी एकटी करणार नाही. कुणीतरी बरोबर या. आणि पुढच्या वेळी दुसरीने करायचं."

आधी त्यांना कळलंच नाही. मग हसल्या. म्हणाल्या, आज काय झालंय हिला. मग हसू गेलं. चल, नाटक नको. मी परत तेच म्हटलं. तिघींकडे बघितलं. डबा खाणारीने डबा बंद केला. औषधंवाली पाठ करून उभी राहिली. फोनवालीचा फोन संपला होता, तरी कानाला तसाच धरून ठेवला. उठली कुणी नाही.

मी आजीच्या पलंगापाशी जाऊन उभी राहिले. दांडी धरून. आजीचे डोळे मिटलेले होते, तेवढं बरं. तोंड उघडं होतं. माझ्या खिशात पट्टी होती. रोज असायचीच. हात सारखा खिशाकडे जायचा. घे ना, दोन मिनिटांचं काम, ती तुला पोरी म्हणायची. मी हात मागे बांधले. मला माहीत होतं काय होणार आहे. नाशिकचा उन्हाळा, वॉर्डातला एसी बंद. जबडा आधी आखडतो. मी बघत होते. मावशी येऊन पडदा ओढून गेली. पडद्यापलीकडे चहा आला, कप वाजले. मी पडद्याच्या आत, ती आणि मी. तिच्याशी बोलावं तर शब्द येईनात. रोज मेलेल्यांशी बोलणारी मी, तेव्हा मुकी झाले.

लेक आली ती धावतच. भाऊ मागून जिना चढत होते. तिने पडदा सरकवला. आईचं उघडं तोंड बघितलं. तिने हाताने मिटवायला बघितलं. मिटेना. दोन्ही हातांनी दाबलं. मिटेना. मग माझ्याकडे वळली. "इतका वेळ कुणी बघितलंच नाय का तिच्याकडं?"

मी म्हटलं, "बघितलं. पाच जणींनी बघितलं."

तिला काय कळणार? तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते डोळे अजून माझ्या पाठीत आहेत. म्हणाली, तुम्हाला तर ती पोरी म्हणायची. भावांनी तसंच नेलं. चादर वर घेतली तरी तोंडाच्या जागी खळगा दिसत होता.

ते तोंड मला सोडत नाही. आंघोळ करताना दिसतं, पोळी लाटताना दिसतं. आजी काही बोलत नाही. नुसतं उघडं. मी तिला सांगते, आजी, वॉर्डात पाच जणींचे हात होते, दहा. माझे दोनच का मोजतेस? ती ऐकत नाही. मेलेल्यांचं एक असतं, जिने हात लावला तिच्याच मागे लागतात.

तक्रार झाली. व्हायचीच. इन्चार्ज सिस्टरनी परत केबिनमध्ये बोलावलं. या वेळी खुर्ची नाही, चिवडा नाही. टेबलावर माझं पत्र. बाळांच्या खोलीत उत्तम काम केलं वगैरे, खाली सही करायची बाकी. म्हणाल्या, उद्या सकाळी ड्युटी बदलते तेव्हा सगळ्यांसमोर माफी माग. आणि पहिल्यासारखं काम सुरू कर. मग सही करते. नाहीतर तुझं तू बघ.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, माग ना. तोंडाने मागायची, मनाने कोण मागायला सांगतंय. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस? मितूचा विचार कर." मी म्हटलं, मितूचाच करतेय. तो चिडला. तोही खोटा नव्हता. त्याच्या कंपनीतून त्या महिन्यात निम्मी माणसं कमी केली होती. त्याला विमान दिसत होतं, आणि मी विमानाची शिडी ओढून घेत होते. तो मितूला घेऊन बाहेर निघून गेला.

सासू भाकऱ्या थापत होती. तिने काही विचारलं नाही. तवा उतरवला आणि बोलायला लागली. तिच्या सासऱ्याचं सांगितलं. त्र्यंबककडचं गाव. वस्तीने धम्म उशिरा घेतला, तेव्हा ठरवलं, गावातली मेलेली ढोरं ओढायची नाहीत. लगेच पाटलाचा बैल मेला. गावाने तो आणून टाकला वस्तीच्या तोंडाशी. बघू कोण किती दम धरतंय. बैल फुगला, फुटला, कुत्री लागली. ही तेव्हा नवी सून.

"वास आदी आपल्याच घरात आला," सासू म्हणाली. "गावात नाय गेला, आपल्याच. लेकरं वकायची. मी मामंजींना म्हनले, उचला आता, लेकरं मरतील. ते म्हनले, सूनबाई, वास आपल्याला येतो म्हनून तर टाकलाय त्यांनी हितं."

मी विचारलं, मग?

"मग काय. नाय उचलला." तिने परत तवा चढवला. तुला मी माग म्हनत नाय, नको माग म्हनत नाय, तुझी नोकरी हाय, असं म्हणाली आणि पिठाच्या डब्याकडे वळली.

तेव्हा मला आजीच्या तोंडाचं कोडं सुटलं. ती माझ्याच मागे का लागते. कारण वास माझ्याच घरात यायचा असतो. तशीच तर सगळी मांडणी आहे. नाही म्हणणाऱ्याच्याच दारात मढं टाकायचं, म्हणजे तोच कंटाळून उचलेल, वर स्वतःलाच दोष देईल. आजीचं तोंड मी उघडं ठेवलं नव्हतं. ते माझ्या दारात आणून टाकलं होतं.

सकाळी ड्युटी बदलताना आम्ही सगळ्या टेबलाभोवती उभ्या राहिलो. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, हिला काहीतरी बोलायचंय.

मी म्हटलं, "माफी मागायची आहे. त्या आजीच्या लेकीची. पण ती आपण पाचही जणींनी मागायची. इथे एकटीने मी आता काहीच करणार नाही. माफीसुद्धा नाही."

आणि मग जे इतके महिने घशात होतं ते बोलले. की मला खाली पाठवलं ते काम येत होतं म्हणून नाही, आडनाव विचारून पाठवलं. की आधी मला मढी दिली आणि मग मढ्याचा हात म्हणून बाळ काढून घेतलं. जातीने बोलले, जातीचं नाव घेऊन बोलले, हॉस्पिटलात ते कुणी घेत नाही. एकजण रडायला लागली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, तू असं माझ्याबद्दल बोलशील असं वाटलं नव्हतं. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, खोटं नव्हतं. त्यांनी पत्र घेतलं आणि खणात ठेवलं. फाडलं नाही. अजून खणातच असेल.

जर्मनीची ती जागा गेली. दुसरी कुणी गेली असेल. एजन्सीवाल्या बाई म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीवरून? नवरा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलायचा. आता बोलतो. भाषेच्या क्लासला मी जाते. आम्ही जाणार आहोत. मितूला मी नेणार आहे, सासूला नेणार आहे. पण आडनाव कळू नये म्हणून जाणार नाही. लपायला जाणार नाही. आणि न केलेल्या कामाच्या पत्रावर तर नाहीच. जे केलं ते सांगेन, कुणी करायला लावलं तेही सांगेन. घ्यायचं तर घ्या.

सध्या मी त्याच वॉर्डात आहे. काढलं नाही मला अजून. काढतील तेव्हा जाईन, आपणहून सोडणार नाही. त्या वाट बघताहेत, मी कंटाळेन. बघू दे.

वॉर्डात कुणी गेलं की मी जाते. हातमोज्यांचे दोन जोड घेऊन जाते. एक मी घालते. दुसरा उशाशी ठेवते आणि उभी राहते. आता परत बोलता येतं मला. म्हणते, काका, थांबा जरा, दुसरी येतेय. आतापर्यंत एकच आली, एकदाच, आणि तीही तोंड फिरवून. बाकी वेळा नातेवाईक येतात, बघतात, मला बोलतात. मी ऐकून घेते. जबडे उघडे राहतात.

राहू देत. मी एकटीने ते बांधणार नाही.